घसरला, तर पोचला

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की कानाकाका मुलाच्या खोलीत जात, दार लोटून घेत, संगणक सुरू करत आणि लबाडी करायला बसत.

कानाकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. शाळेची पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतल्या चुका हुडकायच्या आणि लाल पेनाने समासात खुणा करायच्या, हे त्यांचं काम. डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पानात एखादी वेलांटी चुकलेली सापडली तर छापखान्यात ती बातमी व्हायची. म्हणून खेळात शिरताना टोपणनाव मागितलं गेलं तेव्हा त्यांनी ‘काना-मात्रा’ असं लिहिलं, आणि तिथल्या मंडळींनी बघता बघता त्याचं कानाकाका करून टाकलं. आपणही तेच म्हणू.

तर असा हा माणूस दर रविवारी ठरवून, शांत डोक्याने, एक चूक करत होता. दुसऱ्यांच्या चुकांवर जन्मभर पोट भरलेल्या माणसाला चूक करणं किती जड जातं ते त्यांनाच ठाऊक. पण एकदा करायची म्हटल्यावर तीही ते नेटकी करत.

खेळाचं नाव ‘घरंगळ’. पडद्यावर उतार असतात, कप्प्या, झोके, स्प्रिंगा असतात आणि एक लाल चेंडू असतो. तो चेंडू दुसऱ्या टोकाच्या टोपलीत पोचवायचा. चेंडूवर एक पांढरा ठिपका असतो, त्यामुळे तो गोल गोल फिरत चाललाय हे स्पष्ट दिसतं. बहुतेक लोक तो धडपडत खेळतात. नाही जमलं की पुन्हा, पुन्हा नाही जमलं की पुन्हा. पण या खेळाच्या एका कोपऱ्यात काही हौशी मंडळींनी आपला वेगळा कट्टा थाटला होता, आणि तिथला कायदा एकच: आधी गणित, मग सोड. तिघांच्या टोळीने बसायचं. एकाने अंतरं आणि उंच्या मोजायच्या, दुसऱ्याने गणित मांडायचं, तिसऱ्याने ते तपासायचं. तिघांचं एकमत झालं की मग ‘सोड’ लिहिलेलं बटण दाबायचं. आठवड्यातून एकदाच. आणि ते दाबायचा मान त्याचा, ज्याने सगळ्यात जास्त शंका काढल्या. म्हणजे मागाहून ‘मी म्हणतच होतो’ म्हणायला कुणी शिल्लक राहायला नको.

कोडं रचणाऱ्यालाही सूट नव्हती. त्याने ते चालवून बघायचं नाही. नुसत्या गणिताच्या भरवशावर कट्ट्याच्या फळ्यावर लावायचं. अशा कोड्याला ते ‘कोरं’ म्हणत. कोरं कोडं सुटलं की रचणाऱ्याचं नाव व्हायचं. पण गणितच चुकलेलं निघालं, तर कोड्यावर नावासकट ‘बाद’ असा शिक्का बसायचा.

काकांच्या मुलाने असं एकच कोडं रचलं होतं.

खेळात त्याचं नाव होतं ‘लोंबकळ’. लहानपणी तो दाराच्या चौकटीला, जिन्याच्या कठड्याला, आल्यागेल्याच्या हाताला लोंबकळत असे. त्याची आई ओरडायची, ‘अरे लोंबकळू नकोस, निखळेल काहीतरी.’ कोड्याचं नाव त्याने ठेवलं होतं ‘गिरकी’. एक उंच उतार, त्याच्या पायथ्याशी उभं गोल चक्र, चक्रानंतर सपाट वाट, वाटेत एक गंजलेलं फाटक आणि फाटकापलीकडे टोपली. चेंडूने उतारावरून यायचं, चक्रात वर चढून, उलटा होऊन पूर्ण गिरकी घ्यायची, फाटक ढकलायचं आणि टोपलीत पडायचं. हाताशी दिलेलं सामान थोडकं: लहानमोठे तीन चेंडू, एक स्प्रिंग आणि एक तेलाची बाटली. आणि कोड्याखाली रचणाऱ्याने लिहिलेली एक ओळ: ‘घसरला, तर पोचला.’

ते लावलं त्या दिवशी पोरगं चहाचा कप आणि फोनवर उघडलेलं कोडं घेऊन काकांच्या टेबलाशी आलं होतं. काका एका इतिहासाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होते.

“बाबा, बघा की जरा. माझं पहिलं कोरं कोडं.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना उतार दिसला नाही, चक्र दिसलं नाही. दिसली ती खालची ओळ. सवयच ती.

“चेंडू घसरत नाही रे, घरंगळतो,” ते म्हणाले. “किती वर्षं सांगतोय तुला? पेटी घसरते, चेंडू घरंगळतो. दोन वेगळे शब्द आहेत ते.”

हे खरंच वर्षानुवर्षं चाललेलं होतं. जिन्यावरून चेंडू गेला की पोरगं ‘घसरला, घसरला’ म्हणत धावायचं आणि काका आतून ‘घरंगळला’ अशी दुरुस्ती करायचे.

पोरगं हसलं. “बरं, घरंगळतो. पण सोडवून दाखवा.”

“हे एवढं होऊ दे,” काका म्हणाले आणि पुन्हा इतिहासात शिरले.

त्याच आठवड्यात एका वळणावर, रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून, त्याची सायकल घसरली. तो कामावरून घरी येत होता. नुकतंच कुठे त्याचं नोकरीत बस्तान बसत होतं.

त्यानंतर त्या घरातून एक शब्दच उठून गेला. कुणी ठरवलं नव्हतं, पण साबण हातून ‘सुटू’ लागला, चादर पलंगावरून ‘सरकू’ लागली. काकांची बायको तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. तिथे मुलांची घसरगुंडी होती. तिला ती ‘ते पिवळं’ म्हणू लागली. दोघं एकमेकांशी बोलत होती. भाजी संपली, विजेचं बिल आलं, शेजारच्यांच्या नळाचं पाणी आपल्या भिंतीत झिरपतंय. पण मुलाविषयी नाही. तो विषय निघाला तर दोघांपैकी एक जण कोसळणार आणि दुसऱ्याने सावरायचं, एवढं बळ त्या घरात कुणापाशीच उरलं नव्हतं.

काकांनी मुलाचा संगणक उघडला तो फक्त त्याच्या मित्रांना कळवायला. ‘लोंबकळ आता येणार नाही. तो गेला,’ एवढं त्यांनी कट्ट्यावर लिहिलं. बंद करणार, तोच खाली भराभर ओळी उमटायला लागल्या. कुणाला विश्वास बसत नव्हता, कुणी त्याचे विनोद आठवत होतं. मग त्याच्या टोळीतल्या शंकासूरने लिहिलं, ‘गिरकी अजून सुटलेली नाही. ती आम्हीच सोडवणार. दुसऱ्या कुणी हात लावू नका.’ आणि कट्ट्याने ते मान्य केलं.

ते वाचून काकांना पहिल्यांदा कोड्याकडे नीट बघावंसं वाटलं. विज्ञानाची पुस्तकं तपासता तपासता त्यांच्या डोक्यात पुष्कळ काही जाऊन बसलं होतं. त्यांनी पडद्यावरच्या जाळीची घरं मोजली. चक्राची त्रिज्या चार घरं. उतार दहा घरं आणि वर बोटभर. त्यांनी घरं पुन्हा एकदा मोजली. तेवढीच.

गोष्ट साधी होती. उभ्या चक्रात गिरकी पुरी करायची तर वस्तू त्रिज्येच्या अडीचपट उंचीवरून तरी यायला हवी. चार घरांना दहा. पण हे घसरत येणाऱ्या वस्तूचं गणित. ती आपली सगळी ताकद पुढे जाण्यात घालते. घरंगळणारा चेंडू यातली काही ताकद स्वतःभोवती फिरण्यातच खर्च करतो. त्याला जवळपास अकरा घरं लागतात. म्हणजे पोराने घरंगळणाऱ्या चेंडूला घसरणाऱ्या पेटीचं सूत्र लावलं होतं. शब्दात जी चूक तो लहानपणापासून करत आला, तीच गणितात केली होती. चेंडू चक्राच्या माथ्याशी जाऊन खाली पडणार. लहान घ्या की मोठा घ्या, पडणारच.

म्हणजे आज ना उद्या कोणीतरी हे पकडणार, आणि त्याच्या नावापुढे ‘बाद’ लिहिलं जाणार. त्या कट्ट्यावर पोराची एवढी एकच खूण होती. ती लाल शिक्क्याखाली जाणार होती. जन्मभर त्याच्या चुका काढल्या. आता निदान ही एक चूक तरी झाकायची, असं त्यांनी ठरवलं.

ते नवं नाव घेऊन कट्ट्यावर शिरले. पहिल्याच दिवशी त्यांनी कोड्याखालच्या ओळीला जोडून एक टीप लिहिली: ‘“घसरला” नव्हे, “घरंगळला”. — काना-मात्रा.’ एकतर हात शिवशिवत होता. दुसरं म्हणजे, त्या शब्दावरून कुणाला पोराच्या गणितातली गफलत सापडायला नको. टीप सगळ्यांना पटली. कुणीतरी ती वर चिकटवून टाकली, आणि तेव्हापासून जो तो ती ओळ ‘घरंगळला, तर पोचला’ अशीच वाचू लागला.

मग टोळीत रिकामी झालेली जागा त्यांनी मागून घेतली. लोंबकळ मोजणी करायचा. तेही मोजणीच करू लागले.

बाकीचे दोघे म्हणजे घाई आणि शंकासूर. घाई बस चालवायचा. दिवसभर सिग्नलला थांबून थांबून त्याच्या जिवाचा जो काही संताप व्हायचा तो इथे निघायचा. शंकासूर ही औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी. चिठ्ठी तीनदा वाचल्याशिवाय गोळी न देणारी, आणि गणितही तीनदा तपासल्याशिवाय न सोडणारी.

“काका, उताराची उंची?” घाई लिहायचा.

“अकरा घरं,” काका लिहायचे.

बस, लबाडी ती एवढीच. दहाच्या जागी अकरा. त्यावर घाईचं गणित बरोबर जुळायचं, शंकासूर ते तपासून होकार द्यायची, तेलाची बाटली गंजलेल्या फाटकावर ओतली जायची, कारण ती त्याचसाठी दिलीय हे उघडच होतं, आणि शंकासूर ‘सोड’ दाबायची. चेंडू गरागरा फिरत उतरायचा, चक्रात चढायचा आणि माथ्याच्या जरा अलीकडून टपकन खाली पडायचा.

“आयला!” घाई लिहायचा. “या वेळी मोठा चेंडू घेऊ म्हणत होतो मी.”

“वजनाने फरक पडत नाही,” शंकासूर.

“मग स्प्रिंग वर लावू.”

“वर लावायला जागाच नाहीये.”

“फाटकाच्या ओझ्याने चक्र हलत असेल,” असलं काहीतरी काका मध्येच सोडून द्यायचे, आणि पुढचा आठवडा ती दोघं फाटकाच्या मागे लागायची. मग काम बाजूला पडून गप्पा निघत. लोंबकळ असता तर काय म्हणाला असता, त्याने एकदा कप्पी उलटी लावून सगळ्यांना कसं तोंडघशी पाडलं होतं, घाईच्या बसमध्ये तो एकदा योगायोगाने कसा चढला आणि दोघांनी एकमेकांना बोलण्याच्या ढबीवरून कसं ओळखलं. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. घरात शेजारच्या खोलीत वाढलेलं पोर ते इथे तुकड्यातुकड्याने गोळा करत होते. कोडं सुटलं किंवा बाद झालं की हे रविवार संपणार, हेही त्यांना कळत होतं. खरं सांगायचं तर पुढे पुढे त्यांना कशाची जास्त भीती वाटत होती, शिक्क्याची की रविवार संपण्याची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण शंकासूर ती शंकासूरच. एका रविवारी घाई जांभया देत निघून गेल्यावर तिने काकांना एकट्यालाच लिहिलं.

“काका, मी आज उतार स्वतः मोजला. दहा घरं आहेत.”

तिने लगेच पुढे लिहिलं:

“मोजणी चुकली, की चुकवली?”

मुद्रितशोधक होते; ‘चुकली’ आणि ‘चुकवली’ यांमधल्या एका अक्षराचा भार त्यांना कळत होता. खोटं बोलायला बोटं उठेनात.

“चुकवली,” त्यांनी लिहिलं. “मी लोंबकळचा बाप आहे.”

पलीकडे एकदम पुष्कळ उमटलं. ती रडत असावी, कारण तिचं शुद्धलेखन पार ढासळलं होतं आणि काकांना पहिल्यांदाच ते दिसूनही खुपलं नाही.

“काका मला आधी का नाही सांगितलत. आम्ही काय परके आहोत का.” आणि मग: “पण काका, दहा घरांत हे होणारच नाही. मी सगळ करून पाहिल. त्याची चूक झालीय. हे मला झाकता नाही येणार. तोच असता तर त्यानेच मला झापल असत.”

“एक आठवडा दे,” काकांनी लिहिलं. “पुढच्या रविवारी तू कळव. मी अडवणार नाही.”

तो आठवडा काकांनी कसा काढला ते विचारू नका. छापखान्यात एका भूगोलाच्या पानावर त्यांनी नदी डोंगरावर चढवली आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही; शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हळूच ते पान मागे सरकवलं. घरी आले की ते त्या खोलीत शिरायचे आणि तेच गणित परत करायचे. दर वेळी तेवढंच उत्तर. दहाचे अकरा होत नव्हते.

रविवार आला. काका जेवता जेवता उठले. खोलीत जाऊन बसले, पण या वेळी दार लोटायचं राहून गेलं.

वाळलेल्या कपड्यांची चळत घेऊन बायको दारातून जात होती. तिने पाहिलं, नवरा संगणकासमोर बसलाय, हात मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. ती आत आली. त्या खोलीत ती केर काढायला यायची, पण बसायला म्हणून आज पहिल्यांदा आली. कपडे तिने पलंगावर ठेवले.

“अहो, काय झालं? कसले फोटो बघत बसता तुम्ही रोज?”

“फोटो नाहीत.”

“मग?”

काकांनी सगळं सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं. कोडं, कट्टा, शिक्का, दहा आणि अकरा. “त्याचं गणित चुकलंय गं,” ते शेवटी म्हणाले. “आज कळेल सगळ्यांना. मी फार प्रयत्न केला.”

ती पडद्याजवळ वाकली. तिला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळतं असं ती दाखवतही नव्हती. तिला फक्त मुलाने केलेलं काहीतरी बघायचं होतं. तिचं बोट उतारावरून, चक्रावरून, फाटकावरून फिरत खालच्या ओळीपाशी आलं.

“हे त्याने लिहिलंय?”

“हो.”

“घसरला, तर पोचला,” तिने मोठ्याने वाचलं.

तो शब्द त्या घरात किती काळाने उच्चारला गेला.

“तो शब्द चुकीचा आहे,” काका घाईने म्हणाले. “मी दुरुस्त केलाय, वर बघ. चेंडू घरंगळतो. तो लहानपणापासून—”

“मला ठाऊक आहे चेंडू घरंगळतो,” ती म्हणाली. “त्यालाही ठाऊक होतं. तुम्ही इतक्यांदा सांगितलंत, भिंतींनाही पाठ झालं असेल. पण त्याने तर लिहिलंय, घसरला तर. म्हणजे घसरायला हवा, असंच ना?”

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली.

“तलावावरची ती घसरगुंडी,” ती म्हणाली. या वेळी तिने ‘ते पिवळं’ म्हटलं नाही. “सकाळी कोरडी असली की पोरं मध्येच अडकतात. वरून पाणी सोडलं की सुळ्ळकन खाली येतात. आपला तर पाणी सोडायच्या आधीच वर जाऊन बसलेला असायचा. इथे पाणी नाही का कुठे?”

“पाणी नाही,” काका म्हणाले. “तेल आहे.”

तेलाची बाटली. त्या खेळाचा नियम होता, वाटेच्या ज्या पट्टीवर तेल पडेल तिचं घर्षण संपलं. बाटली एका पट्टीपुरती. काकांनी उतारावर बोट ठेवलं आणि ते पायथ्यापर्यंत आणलं. पट्टी तिथे तुटत नव्हती. ती तशीच पुढे चक्रात चढत होती. उतार आणि चक्र मिळून पोराने एकच पट्टी केली होती. इतके रविवार त्यांनी घरं मोजली, आणि जोड नाही हे पाहिलं नाही. फाटक गंजलेलं होतं, म्हणून सगळे तेल घेऊन फाटकाकडे धावत होते. आणि जो न फिरता, सगळ्या ताकदीनिशी येईल, तो तेलाशिवायच फाटक उघडेल.

तेल घातलं की चेंडू घरंगळत नाही. घसरतो. मग अकरा घरं लागतच नाहीत. दहा लागतात, आणि दहा घरं वर बोटभर त्याने दिली होती.

“त्याचं बरोबर होतं,” काका म्हणाले. “सगळं बरोबर होतं.”

“मग चुकला असं तुम्हाला पहिल्यापासूनच का वाटलं?” बायकोने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. काकांनी खुर्ची पडद्याकडे ओढली.

कट्ट्यावर घाई आणि शंकासूर येऊन बसले होते. शंकासूरने लिहिलं होतं, “घाई, आज एक वाईट गोष्ट सांगायची आहे.”

“थांब,” काकांनी लिहिलं. “आधी मोजणी घे. उतार दहा घरं. तेल फाटकावर नाही, पट्टीवर. माझी टीप चुकीची आहे. ओळ मूळची आहे तशी वाच.”

शंकासूरचं गणित उतरायला लागलं, एकेक ओळ, तिसऱ्यांदा तपासून. सगळ्यात खाली तिने लिहिलं, “पोचतो.” आणि त्याच्याही खाली: “काका, तो पोचतो.”

“दाबा मग!” घाईने लिहिलं. “शंकासूर, दाब की.”

“आज माझा मान नाही,” तिने लिहिलं. “सगळ्यात जास्त शंका काकांनी घेतली.”

तिने ते मायेनेच लिहिलं होतं. काकांच्या काळजात मात्र ते सुरीसारखं गेलं, कारण ते अक्षरशः खरं होतं.

त्यांनी बायकोचा हात ओढून घेतला, आपल्या हाताखाली ठेवला, आणि ‘सोड’ दाबलं.

चेंडू निघाला. त्याच्यावरचा पांढरा ठिपका वरच्या बाजूला होता, आणि तो तिथेच राहिला. फिरला नाही. चेंडू नुसता घसरत आला, उतारावरून पायथ्याशी, पायथ्यापासून चक्रात, वर, आणखी वर. जिथून तो दर वेळी पडायचा तिथे आला. बायकोची बोटं काकांच्या हातात रुतली. माथ्यावर तो इतका सावकाश गेला की वाटलं आता सुटेल; सुटला नाही. गिरकी पुरी करून खाली आला, फाटकाला धडकला. फाटक करकरत उघडलं आणि चेंडू टोपलीत पडला.

घाईने एका ओळीत मावतील तितकी उद्गारचिन्हं टाकली. फळ्यावरून ‘गिरकी’ हळूच पुसलं गेलं आणि सुटलेल्या कोड्यांच्या पानावर जाऊन बसलं: गिरकी, रचणारा लोंबकळ. शिक्का नव्हता. काकांना हवं होतं ते झालं होतं, आणि त्यांना जराही बरं वाटत नव्हतं. पोराने दिलेलं कोडं सुटलं, आणि ‘सुटलं रे’ म्हणून हाक मारायची तर घरात तो नव्हता. एवढीच गोष्ट होती, आणि ती पहिल्या दिवसाइतकीच मोठी होती.

मग त्यांनी आपली ती टीप उघडली. मुद्रितशोधकाने भलतीच दुरुस्ती केली, तर ती मागे घ्यायचीही एक खूण असते. मूळ शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘आहे तसे ठेवा.’ संगणकावर टिंबं कशी द्यायची ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी टीप पुसली आणि तिच्या जागी लिहिलं: ‘मूळ शब्द बरोबर आहे. आहे तसा ठेवावा.’ खाली ‘काना-मात्रा’ लिहून झालं होतं. तेही त्यांनी पुसलं आणि ‘लोंबकळचे बाबा’ असं लिहिलं.

बायको पलंगावर कपड्यांशेजारी बसली होती. बाहेर ऊन कलत होतं. खालच्या रस्त्यावर कुणाचा तरी चेंडू उड्या मारत चालला होता आणि त्याच्या मागे पोरं ओरडत होती.

“आज असता तर केवढा हसला असता तुम्हाला,” ती म्हणाली.

“हसला होता,” काका म्हणाले. “मी म्हटलं ना त्याला, घसरत नाही, घरंगळतो. तेव्हाच हसला होता गं तो. मला वाटलं, चूक कळली म्हणून हसतोय.”